चौथ्या दिवशी सूर्य : उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील सर्वांत अवघड जागा

बायबलमधील उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायावर घेतले जाणारे बहुतेक आक्षेप बाहेरून, म्हणजे भूगर्भशास्त्रातून, जीवाश्मांच्या अभ्यासातून किंवा खगोलशास्त्रातून आलेले असतात. एक आक्षेप मात्र त्या अध्यायाच्या मजकुरातूनच उभा राहतो आणि तो आधुनिक विज्ञानापेक्षा कितीतरी जुना आहे. पहिल्या दिवशी प्रकाश झाला, तिसऱ्या दिवशी कोरडी जमीन दिसू लागून तिच्यावर वनस्पती उगवल्या, आणि सूर्य, चंद्र व तारे चौथ्या दिवशी झाले. तर मग पहिले तीन दिवस सूर्यावाचून कसे मावळले आणि कसे उजाडले? तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने हाच प्रश्न विचारला होता. सूर्य, चंद्र आणि तारे नसताना पहिला, दुसरा व तिसरा दिवस झाला असे कोणता समंजस माणूस मानील, असे म्हणून त्याने हा भाग रूपकात्मक ठरवला. पुढे ज्यांना हा अध्याय इतिहास म्हणून वाचणे जड गेले त्यांपैकी अनेकांनी याच जागेवर बोट ठेवले आहे.

मी हा अध्याय इतिहास म्हणून वाचतो. देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली, प्रत्येक जातीचे जीव त्याच्या आज्ञेने झाले, आदाम व हव्वा ही खरी माणसे होती आणि त्यांच्या आज्ञाभंगामुळे मानवजातीत मरण आले, अशी माझी श्रद्धा आहे. ही श्रद्धा बाळगणाऱ्याने चौथा दिवस घाईघाईने ओलांडू नये असे मला वाटते. आपल्या मंडळ्यांतील बायबल अभ्यासात तरुण मुले हा प्रश्न विचारतात तेव्हा पुष्कळदा त्यांना "विश्वासाने स्वीकारा" एवढेच उत्तर मिळते. विश्वासाने तर स्वीकारायचेच आहे, परंतु शास्त्रलेख तेथे नेमके काय सांगतो ते आधी वाचायला हवे.

उत्पत्ती १:१४ ते १९ या सहा वचनांत या ज्योतींचे काम पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्यांनी दिवस व रात्र वेगळी करावी, चिन्हे व्हावे, ऋतू, दिवस आणि वर्षे दाखवावी आणि पृथ्वीवर प्रकाश पाडावा. म्हणजे त्यांना नेमून दिलेली चाकरी आहे. प्रकाश त्यांच्या आधीपासून आहे, दिवस आणि रात्र त्यांच्या आधीपासून आहेत, हिरवी झाडेही त्यांच्या आधीपासून आहेत. त्यांच्याकडे फक्त कारभार सोपवला आहे. ताऱ्यांचा तर जाता जाता, एका ओझरत्या वाक्यात उल्लेख येतो. ज्या इस्राएलाभोवती मिसरात सूर्यदेव रा आणि बाबेलात शमश यांची मोठमोठी देवळे उभी होती, त्या इस्राएलाला हे सांगितले जात होते.

हा क्रम अपघाताने लागलेला नाही हे प्राचीन मंडळीने ओळखले होते. इ. स. १८० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप थियफिल याने लिहिले की पृथ्वीवरील उपज आकाशातील ज्योतींपासून होते असे तत्त्वज्ञ म्हणतील हे देवाला आधीच ठाऊक होते, म्हणून त्याने वनस्पती ज्योतींच्या आधी निर्माण केल्या. चौथ्या शतकात कप्पदुकियातील कैसरियाचा बिशप बसील याने सहा दिवसांच्या निर्मितीवर नऊ प्रवचने दिली. दिवसभर राबून पोट भरणारे कारागीर समोर बसले आहेत म्हणून आपल्याला बोलणे आटोपते घ्यावे लागते, असे तो त्यांतल्या एका प्रवचनात म्हणतो. अशा श्रोत्यांना त्याने सांगितले की सूर्य हाच जीवनाचा उगम आहे असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, पृथ्वी सूर्याच्या जन्माआधीच हिरवीगार झाली होती. ओरिजेनला जी अडचण वाटली, तीच बसीलला या अध्यायाची शिकवण वाटली. मला बसीलचे वाचन अधिक बरोबर वाटते, कारण ते मजकुराचा क्रम बदलत नाही आणि त्या क्रमाला अर्थही देते.

शास्त्रातील पुढचा इतिहास पाहिला तर ही शिकवण किती गरजेची होती ते कळते. सूर्य, चंद्र व तारे पाहून त्यांना नमन करण्याचा मोह होऊ देऊ नका, असे अनुवाद ४:१९ मध्ये मोशे बजावतो. तरी योशीया राजाच्या काळापर्यंत यहूदाच्या राजांनी सूर्याला अर्पण केलेले घोडे परमेश्वराच्या मंदिराच्या प्रवेशापाशी उभे होते. योशीयाने ते काढून टाकले आणि सूर्याचे रथ अग्नीत जाळले, हे २ राजे २३:११ मध्ये नमूद आहे. त्यानंतरही यहेज्केलाला दृष्टान्तात मंदिराकडे पाठ करून पूर्वेकडे सूर्याला नमन करणारी सुमारे पंचवीस माणसे दिसली. महाराष्ट्रात ज्या घरांतून पहिल्या पिढीतील ख्रिस्ती लोक आले, त्यांतील कित्येक घरांत सकाळचे अर्घ्य आणि माघातील रथसप्तमी हा नित्याचा आचार होता. अशा वाचकाला चौथ्या दिवसाची वचने कोणी फोडून सांगण्याची गरज नव्हती. उजाडताना ज्याच्याकडे हात जोडायचे तो स्वतः एक सेवक आहे, हे त्याला वाचताक्षणी समजत असणार.

ही अडचण सोडवण्यासाठी सुचवलेल्या वाटांपैकी दोन मी तपासून पाहिल्या आहेत. पहिली अशी की सूर्य आधीपासून होताच, पण पृथ्वीभोवती दाट ढगांचे आवरण होते आणि चौथ्या दिवशी ते विरळ होऊन सूर्य दिसू लागला. सृष्टी अतिप्राचीन आहे असे मानणारे अनेक निर्मितिवादी असे सांगतात. परंतु सोळावे वचन देवाने दोन मोठ्या ज्योती केल्या असे म्हणते, दिसू दिल्या असे म्हणत नाही. आणि जेथे दिसू लागण्याचा अर्थ हवा होता तेथे, म्हणजे कोरड्या जमिनीच्या बाबतीत, नवव्या वचनाने ते स्पष्ट सांगितले आहे. दुसरी वाट चौकटीची आहे. नेदरलँड्समधील नोर्डत्झी यांनी १९२४ मध्ये आणि अमेरिकेतील मेरेडिथ क्लाइन यांनी १९५८ मध्ये ती मांडली. पहिल्या तीन दिवसांत जागा तयार होतात आणि पुढच्या तीन दिवसांत त्या भरल्या जातात. पहिल्याला चौथा, दुसऱ्याला पाचवा, तिसऱ्याला सहावा जोडलेला आहे. तेव्हा हा काळाचा क्रम नसून विषयाची मांडणी आहे, असे हे मत आहे. यातील सौंदर्य मी नाकारत नाही. मात्र चौथ्या दिवसाच्या ज्योती ज्या अंतराळात ठेवल्या ते अंतराळ दुसऱ्या दिवसाचे आहे आणि पाचव्या दिवसाचे मासे ज्या समुद्रांत सोडले ते समुद्र तिसऱ्या दिवशी एकत्र झाले. म्हणजे जोड्या सांगितल्या जातात तितक्या नेटक्या जुळत नाहीत. आणि जुळल्या तरी काय सिद्ध होते? गवंडी आधी जोते घालतो, मग भिंती उभारतो आणि शेवटी छत चढवतो. काम क्रमवार झाले म्हणून ते झालेच नाही असा निष्कर्ष कोणी काढत नाही.

दिवस साधे दिवस होते असे मी मानतो त्याचे मुख्य कारण पहिल्या अध्यायाच्याही बाहेर आहे. निर्गम २०:९-११ मध्ये चौथी आज्ञा देताना परमेश्वर आपल्या लोकांना सहा दिवस काम करून सातव्या दिवशी विसावा घ्यायला सांगतो, आणि कारण देतो की त्याने स्वतः सहा दिवसांत आकाश, पृथ्वी व समुद्र केले आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. एकाच आज्ञेत दोन्ही ठिकाणी दिवस आहेत. देवाचा दिवस कोट्यवधी वर्षांचा आणि माणसाचा सूर्योदयापासून मोजायचा असे वाचले तर आज्ञेचा आधारच सुटतो. हे सहा दिवस म्हणजे दीर्घ युगे होती असे मानणारे प्राचीन मंडळीचा बिशप ऑगस्टीन याचा दाखला नेहमी देतात. ऑगस्टीनने सहा दिवस साधे दिवस म्हणून वाचले नाहीत हे खरे आहे, परंतु त्याचे मत सर्व काही एकाच क्षणी निर्माण झाले असे होते आणि मानवजातीला सहा हजार वर्षेही झालेली नाहीत असे त्याने लिहिले आहे. त्याने दिवस लांबवले नाहीत, मिटवले. आजच्या दीर्घयुगवाद्यांना त्याच्यापासून फारसा आधार मिळत नाही.

येथे निर्मितिवाद्यांनाही एक मर्यादा पाळावी लागते. धर्मसुधारक जॉन कॅल्विनने १५५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या उत्पत्तीवरील भाष्यात याच चौथ्या दिवसावर लिहिताना मान्य केले आहे की खगोलशास्त्रज्ञांच्या मते शनी चंद्रापेक्षा मोठा आहे, तरी मोशे चंद्राला मोठी ज्योत म्हणतो, कारण तो साध्या माणसाच्या डोळ्यांना जे दिसते त्या भाषेत बोलतो. ज्याला खगोलशास्त्र शिकायचे आहे त्याने दुसरीकडे जावे, असेही त्याने त्याच भाष्यात म्हटले आहे. कॅल्विन सहा दिवस खरे मानत होता आणि तरीही त्याने या अध्यायातून दुर्बिणीचे काम करून घेतले नाही. आज काही वक्ते उत्पत्तीच्या वचनांत महास्फोट, प्रकाशाचा वेग आणि अणूची रचना शोधून दाखवतात तेव्हा मला खेद होतो, कारण उद्या विज्ञानाने मत बदलले की त्या वचनाचा अर्थही बदलावा लागतो.

सृष्टीच्या वयाच्या आकड्याबाबतही असेच संयमाने बोलावे. आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये सृष्टीचा आरंभ इ. स. पू. ४००४ असा काढला आणि १७०१ पासून तो आकडा इंग्रजी बायबलांच्या समासात छापला जाऊ लागला, त्यामुळे अनेकांना तो शास्त्रलेखाचाच भाग वाटला. प्रत्यक्षात इब्री पाठानुसार आदामापासून जलप्रलयापर्यंत १६५६ वर्षे होतात, शोमरोनी (समरीतन समाजाच्या) पाठानुसार १३०७, आणि ग्रीक पाठानुसार २२४२, काही हस्तलिखितांत २२६२. लूकच्या वंशावळीत जो केनान शेलहाच्या आधी येतो तो उत्पत्तीच्या इब्री पाठाच्या अकराव्या अध्यायात नाही. मत्तयाने तर योरामानंतर अहज्या, योवाश आणि अमस्या हे तीन राजे वगळून सरळ उज्जीयाचे नाव घेतले आहे. म्हणून मी हजारो वर्षे एवढेच म्हणतो आणि विशिष्ट वर्षावर कोणाशी वाद घालत नाही.

आता खरी कठीण बाब, आणि तीही चौथ्या दिवसाचीच. "त्याने तारेही केले" असे तेथे आहे. काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी दिसणारी देवयानी दीर्घिका सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे. पृथ्वीचे वय वैज्ञानिक सुमारे ४५४ कोटी वर्षे सांगतात आणि ते मोजमाप किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या काटेकोर अभ्यासावर उभे आहे. त्याला फुंकर मारून उडवता येत नाही. ताऱ्यांचा प्रकाश वाटेतच निर्माण केला गेला, असे उत्तर आपल्याकडे सर्रास दिले जाते. मी ते स्वीकारत नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात, सुमारे १ लाख ६० हजार प्रकाशवर्षे अंतरावर, एका ताऱ्याचा स्फोट दिसला. प्रकाश वाटेत निर्माण केला असे म्हणायचे तर तो तारा कधी फुटलाच नाही, देवाने फक्त फुटल्याचे दृश्य दाखवले, असे होईल. आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या आरंभीच पौलाने देव असत्य बोलू शकत नाही असे सांगितले आहे. काळाच्या गतीवर आधारलेली इतर उत्तरे निर्मितिवादी भौतिकशास्त्रज्ञांनी मांडली आहेत, पण त्यांच्यातही एकमत नाही. वैज्ञानिक पुरावा माझ्या बाजूने आहे असे मी म्हणत नाही. माझा आधार शास्त्रलेख आहे आणि ही अडचण उघड ठेवूनच मी त्याला धरून आहे.

डार्विनने मरणशय्येवर आपला सिद्धान्त मागे घेतला ही गोष्टही मंडळ्यांतून सांगणे थांबवावे. १९१५ मध्ये अमेरिकेत ती छापली गेली आणि डार्विनच्या मुलीने, हेन्रिएटाने, १९२२ मध्ये ती स्पष्टपणे खोटी ठरवली. चंद्रावरील धुळीच्या थरावरून त्याचे वय कमी ठरवण्याचा युक्तिवादही निर्मितिवादी संस्थांनीच सोडून दिला आहे. ख्रिस्ती माणसाने आकाश व पृथ्वीविषयी चुकीचे बोलून ऐकणाऱ्यांना पवित्र शास्त्राची थट्टा करायला लावू नये, हा ऑगस्टीनचा इशारा सोळाशे वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आपल्यालाच उद्देशून आहे असे समजावे.

इतक्या अडचणी मान्य करूनही मी ही भूमिका का सोडत नाही, असे विचारले जाते. एका माणसाच्या द्वारे पाप जगात आले आणि पापाच्या द्वारे मरण आले, असे रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल लिहितो आणि त्याच एका माणसासमोर तो एका ख्रिस्ताला उभे करतो. आदाम केवळ प्रतीक असेल तर त्या तुलनेची एक बाजू रिकामी पडते. उत्पत्ती १:२९-३० मध्ये माणसाला आणि पशूंना अन्न म्हणून वनस्पती दिल्या आहेत, आणि एकतिसाव्या वचनात देवाने हे सर्व फार चांगले आहे असे म्हटले आहे. कोट्यवधी वर्षे प्राणी एकमेकांना फाडून खात होते, रोगाने मरत होते, आणि त्या सगळ्याला देवाने फार चांगले म्हटले, हे मला मान्य करता येत नाही. सृष्टी कण्हत आहे असे पौल त्याच पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो. तिला तसेच घडवले होते असे मानले तर तिच्या मुक्ततेची जी आशा तो तेथे सांगतो तिला काय अर्थ उरतो, हा प्रश्न सृष्टी अतिप्राचीन मानणाऱ्या माझ्या ख्रिस्ती बांधवांना मी प्रेमाने, पण आग्रहाने विचारतो. त्यांच्यापैकी काही जण आदाम खरा होता आणि पतनाने फक्त माणसाचे मरण आले असे उत्तर देतात. ते उत्तर विचारपूर्वक दिलेले आहे आणि ते देणाऱ्यांच्या विश्वासावर मी शंका घेत नाही. परंतु आठव्या अध्यायातील सगळी सृष्टी त्यात बसत नाही, आणि म्हणून मी त्यावर थांबू शकत नाही.