नागरिकत्वाच्या परीक्षेतलं १९६१

बर्लिनमध्ये सात वर्षं काढल्यावर मी जर्मन नागरिकत्वासाठी अर्ज करायचं ठरवलं. पगाराच्या पावत्या, भाडेकरार, बी १ पातळीचं भाषेचं प्रमाणपत्र हे सगळं हाताशी होतं. राहिली होती ती ‘आइनब्युर्गरुंग्सटेस्ट’, म्हणजे नागरिकत्वाची परीक्षा. तिचे ३१० प्रश्न आधीच जाहीर असतात, ३०० देशभराचे आणि १० आपल्या राज्याचे. त्यातले ३३ समोर येतात, वेळ एक तास. १७ बरोबर आले की झालं. फी २५ युरो.

पाठांतराची भीती नव्हती. गोंधळ व्हायचा तो सालांचा. १९४९ ला दोन जर्मनी झाले, १९५३ ला पूर्वेत कामगारांचा उठाव झाला, १९८९ ला भिंत उघडली, १९९० ला देश एक झाला. १९६१ मात्र एका वाचनात बसलं, कारण आमच्या घरी ते पानशेतचं साल. १२ जुलैला धरण फुटलं तेव्हा बाबा आठ वर्षांचे होते आणि नारायण पेठेतलं आमचं बिऱ्हाड पाण्यात गेलं. त्यानंतर एक महिना आणि एक दिवसाने, १३ ऑगस्टला, बर्लिनमध्ये तारा ओढल्या गेल्या, तीच बर्लिनच्या भिंतीची सुरुवात. उत्तर पाठ झालं आणि मी पुढच्या प्रश्नाकडे वळले.

थांबवलं ते खालच्या मजल्यावरच्या आजींनी. माझं जर्मन नीट व्हावं म्हणून त्या बुधवारी संध्याकाळी माझ्याकडून प्रश्न सोडवून घ्यायच्या. भिंतीचा प्रश्न आला, मी साल सांगितलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “मी नऊ वर्षांची होते. आमची ओमा रस्त्यापलीकडे राहायची.” ओमा म्हणजे आजी.

तो रस्ता म्हणजे बेर्नाउअर श्ट्रास. दक्षिणेकडच्या इमारती सोव्हिएत विभागात, म्हणजे पूर्व बर्लिनमध्ये, पण त्यांच्या दारापुढचा फुटपाथ फ्रेंच विभागात, म्हणजे पश्चिम बर्लिनमध्ये. उंबरा ओलांडला की दुसरं जग. आजींचं घर पश्चिमेकडच्या वेडिंग भागात. शाळा सुटली की त्या ओमाकडे जेवायला जायच्या.

त्या वर्षीचा जून-जुलै कसा होता हे मला प्रश्नसंचातून कधीच कळलं नसतं. पूर्वेकडून माणसं निघून चालली होती, एकट्या जुलैत सुमारे ३०,०००. एखादी बॅग घेऊन शहरी रेल्वेत बसायचं आणि पश्चिमेत उतरून मारियनफेल्डच्या निर्वासित छावणीत नाव नोंदवायचं. जाणाऱ्यांत डॉक्टर होते, कारागीर होते, नुकती शिकून बाहेर पडलेली पोरं होती. १५ जूनच्या पत्रकार परिषदेत पूर्व जर्मनीचे नेते वाल्टर उलब्रिष्ट म्हणाले होते, “भिंत बांधण्याचा कुणाचाही इरादा नाही.” प्रश्न सीमेबद्दल होता, भिंतीचं नाव कुणी काढलंच नव्हतं.

तारा ओढल्या त्या शनिवार-रविवारच्या रात्री, लोक झोपेत असताना. बेर्नाउअर श्ट्रासवर आधी दारं ठोकून बंद केली, मग तळमजल्याच्या खिडक्यांत विटा भरल्या. माणसं वरच्या मजल्यांवरून उड्या टाकू लागली, खाली पश्चिमेचे अग्निशामक जवान जाळी धरून उभे. इडा सीकमान यांनी २२ ऑगस्टला, जाळी येण्याआधीच, उडी मारली आणि त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना ५९ वर्षं पूर्ण व्हायची होती. आजी हे सांगताना टेबलावरचा हात हलवत नव्हत्या.

ओमाने उडी मारली नाही. ती रोज चार वाजता खिडकीत रुमाल हलवायची आणि इकडून आजी एका हाताने आईचा हात धरून दुसरा हलवायच्या. सप्टेंबरच्या अखेरीस त्या इमारती रिकाम्या करायला लागले आणि ओमाला दुसऱ्या वस्तीत हलवलं. पश्चिम बर्लिनच्या लोकांना पूर्वेत जायला बंदी होती. परवाने मिळाले ते थेट १९६३ च्या नाताळात. दोघी भेटल्या तेव्हा ओमाने विणून ठेवलेला स्वेटर आजींना दोन मापं लहान झाला होता.

भिंतीच्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९६१ ला, पश्चिम जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. पूर्वेकडून येणारी माणसं थांबली होती आणि कारखान्यांना हात हवेच होते. बाहेरून येऊन इथे नोकरी करणारी मी, माझ्या आधी आलेल्यांची ही सुरुवात मला फार जवळची वाटली.

परीक्षेच्या दिवशी तासाचा पेपर वीस मिनिटांत झाला. भिंतीच्या सालाचा प्रश्न मला आलाच नाही. काही आठवड्यांनी टपालाने निकाल आला: ३३ पैकी ३२. अर्ज गेला, २५५ युरो भरले, आता वाट पाहणं आहे. मंजुरी आली की भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल, कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. जर्मनीची हरकत २०२४ पासून उरलेली नाही, तरीही द्यावा लागेल. त्यावरचा जन्मस्थान पुणे हा रकाना मी हल्ली उघडून पाहते.

निकाल दाखवला तसं आजी म्हणाल्या, “रविवारी चला माझ्याबरोबर.” बेर्नाउअर श्ट्रासवर आता ती इमारत नाही. गवत आहे, आणि भिंतीच्या रेषेवर ओळीने उभे केलेले गंजक्या रंगाचे लोखंडी दांडे. आजी एका जागी थांबल्या, दोन पावलं डावीकडे सरकल्या, मान वर करून मोकळ्या आभाळात बोट धरलं आणि म्हणाल्या, “तिसरा मजला. ती खिडकी.”