पोटदुखी पोटाची नव्हती: पिडिॲट्रिशियनच्या दवाखान्यातलं आमचं वर्ष

हल्ली ओळखीतले आईबाप मला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारतात, "चाइल्ड सायकॅट्रिस्टची अपॉइंटमेंट तुम्हाला मिळाली कशी?" मिळालीच नाही. आमची लेक आजतागायत सायकॅट्रिस्टकडे गेलेली नाही. जे काही झालं ते ज्या दवाखान्यात तिला लहानपणी गोवराची लस टोचली, तिथेच झालं. ते कसं, हे दरवेळी उभ्याउभ्या सांगता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, वूस्टरच्या आसपास राहतो. लेक अकरा वर्षांची, सहावीत, म्हणजे मिडल स्कूल नुकतंच सुरू झालेलं. सप्टेंबरपासून सकाळी पोटात दुखायला लागलं. बेंबीभोवती, बस यायच्या आधी. शनिवारी-रविवारी पोळी-भाजी दोनदा मागून घ्यायची, सोमवारी दूधसुद्धा नको. ओवा, हिंग, गरम पाण्याची पिशवी सगळं झालं. शाळेच्या नर्सचा फोन यायला लागला, की या आणि घेऊन जा. ऑफिसच्या मीटिंगमधून उठून मी जायचे. गाडीत बसल्यावर दहा मिनिटांत पोरगी ठणठणीत.

नोव्हेंबरात तिचं वार्षिक फिजिकल, म्हणजे नेहमीची वर्षाची तपासणी, होती. उंची, वजन, डोळे झाले की क्लिपबोर्डवर एक कागद देतात. याला पीएससी-१७ (पिडिॲट्रिक सिम्प्टम चेकलिस्ट) म्हणतात. ही प्रश्नावली मूळ ३५ प्रश्नांची, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मायकेल जेलिनेक आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात तयार केली. १७ ही तिची छोटी आवृत्ती. 'खूप काळजी करते', 'उदास वाटते', 'पूर्वीसारखी मजा येत नाही', 'चुळबुळ करते' अशी वाक्यं, आणि समोर तीन रकाने: कधीच नाही, कधीकधी, बरेचदा. गुण शून्य, एक, दोन. बहुतेक आया हा कागद इन्शुरन्सच्या फॉर्मसारखा भराभर 'कधीच नाही' करत संपवतात. आपल्याकडे तर 'लोक काय म्हणतील' हा अठरावा प्रश्न न छापताच असतो.

या राज्यात हा कागद इतका सर्रास दिसतो त्याला एक खटला कारणीभूत आहे. रोझी डी. नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या दाव्यात मेडिकेडवरच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्यावरच्या) मुलांना मानसिक आजारांवर पुरेशी सेवा मिळत नाही असं २००६ मध्ये कोर्टाने म्हटलं, आणि त्यानंतर मासहेल्थच्या, म्हणजे या राज्यातल्या मेडिकेडच्या, मुलांची नियमित तपासणीतच अशी चाचणी घेणं बंधनकारक झालं. आमचा इन्शुरन्स नोकरीतला, पण आमच्या दवाखान्यात सगळ्यांनाच तो कागद देतात.

लेकीची एकूण बेरीज आली ११. धोक्याची खूण १५ ला. म्हणजे पास, असं मला वाटलं. डॉक्टरांनी मात्र बेरजेकडे पाहून कागद बाजूला ठेवला नाही. या सतरांत तीन गट असतात: लक्ष न लागणं, वागणुकीच्या तक्रारी, आणि आतल्या आत कुढणं. शेवटच्या गटात पाचच प्रश्न, आणि तिथे ५ गुण आले तरी लक्ष द्यायचं असतं. लेकीचे ७ होते. वर्गात कोणाला त्रास न देणारी, गृहपाठ वेळेवर करणारी मुलगी एकूण बेरजेत सहज लपते, असं त्या म्हणाल्या. मला हे पटलं, कारण शाळेतून आजवर तिची तक्रार म्हणून आलीच नव्हती.

मग त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं. नंतर मोकळेपणी सांगितलं, की जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही त्यांनी तिला थेट विचारलं. माझ्या पोटात गोळा आला. असं विचारून मुलांच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, न विचारण्यातच जास्त धोका असतो, एवढं त्यांनी समजावलं. लेकीचं उत्तर 'नाही' होतं. तरी जाताना ९८८ हा नंबर माझ्या फोनमध्ये घालून घ्यायला लावला. २०२२ पासून देशभर चालू असलेली ती संकटकाळची हेल्पलाइन आहे.

पोटाची तपासणी त्यांनी टाळली नाही. रक्त, थायरॉइड, सीलिअॅकची (गव्हातलं ग्लूटेन न सोसण्याच्या आजाराची) टेस्ट, वजनाचा आलेख. पण 'आधी सगळं शारीरिक नाही हे सिद्ध होऊ दे, मग मनाचं बघू' असं न करता दोन्ही एकदम सुरू केलं. माझे सासरे कराडला चाळीसेक वर्षं फॅमिली डॉक्टर होते. त्या रात्री फोनवर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "अगं, झोपेतून दुखून उठते का?" नाही म्हटल्यावर म्हणाले, "वजन?" व्यवस्थित. "मग शाळेत काय चाललंय ते बघ." इथल्या डॉक्टरांनीही हेच दोन प्रश्न याच क्रमाने विचारले होते. नवऱ्याला मात्र रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आल्यावरच विश्वास बसला.

आमचं नशीब म्हणजे त्या दवाखान्यात एक थेरपिस्ट बसतात. सोशल वर्कची पदवी, लायसन्स, आणि खोली डॉक्टरांच्या खोलीपासून दोन दारं सोडून. डॉक्टर स्वतः लेकीला तिथपर्यंत घेऊन गेल्या, ओळख करून दिली, पाच मिनिटं गप्पा झाल्या आणि पुढची वेळ ठरली. कागदावर नंबर लिहून 'इथे फोन करा' म्हणाल्या असत्या, तर तो कागद महिनाभर आमच्या फ्रिजवर राहिला असता, हे मी घरच्यांना ओळखून सांगते. मुलीलाही 'मला वेड्यांच्या डॉक्टरकडे नेताहेत' असं वाटलं नाही. तेच स्टिकरचं खोकं, तीच माशांची टाकी.

पहिल्या भेटीत दुसरी प्रश्नावली आली, स्केअर्ड नावाची, ४१ वाक्यांची. तिची एक प्रत पालकांची, एक मुलाची, आणि दोघांनी वेगवेगळं बसून भरायची. त्यात 'शाळेत माझं पोट दुखतं' असं वाक्यच आहे. बेरीज २५ किंवा त्याहून जास्त आली तर अँझायटीचा, म्हणजे चिंताविकाराचा, विचार करतात. माझी बेरीज २६, लेकीची ३८. असा फरक पडतोच, मुलं आतलं जास्त जाणतात, असं थेरपिस्ट म्हणाल्या.

मूळ कारण तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर आलं. मी गणित, मैत्रिणी, रंग, डबा असे सगळे तर्क लढवून बसले होते. थेरपिस्टनी विचारलं, "पोट दुखलं आणि तू वर्गातच राहिलीस, तर सगळ्यात वाईट काय होईल?" लेक म्हणाली, "मी सगळ्यांसमोर उलटी करीन." शाळेच्या पहिल्याच आठवड्यात कॅफेटेरियात एका मुलाला उलटी झाली होती आणि त्याचा व्हिडिओ फिरला होता. भीतीने पोट ढवळायचं, पोट ढवळलं की भीती वाढायची. घरी आली की दोन्ही शांत, त्यामुळे घरी येणं हेच औषध होऊन बसलेलं.

उपचार म्हणजे सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्याची थेरपी), आणि त्यातही भीतीला थोडंथोडं सामोरं जाणं. इंडेक्स कार्डांवर पायऱ्या लिहिल्या. सर्वांत खाली 'उलटी हा शब्द मोठ्याने म्हणणं'. मग उलटीचा आवाज कानावर घेणं, मग पोट दुखत असताना पहिला पिरियड बसून काढणं, वर कॅफेटेरियात मधल्या टेबलावर जेवणं. प्रत्येक कार्डावर तिने शून्य ते दहा भीती लिहायची, करायच्या आधी आणि नंतर. उलटीच्या आवाजाच्या कार्डावर आधी ९ होता, नंतर ४. ती कार्डं रबरबँड लावून तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात असायची. आवाजाचा सराव आम्ही जेवणाच्या टेबलावर केला, आणि आजोबांनी व्हिडिओ कॉलवर जो नमुना सादर केला, तो मिरजेच्या नाट्यगृहात शोभला असता.

आमच्यासाठीही गृहपाठ होता. रोज सकाळी ती विचारायची, "आई, मला आज उलटी नाही ना होणार?" आणि मी म्हणायचे, "नाही गं राजा, काही होणार नाही." हे उत्तर थेरपिस्टनी बंद करायला लावलं. धीर दिला की पाच मिनिटं बरं वाटतं आणि सहाव्या मिनिटाला तोच प्रश्न. त्याऐवजी म्हणायचं, "हे तू विचारतेयस की तुझी काळजी? झालं काही, तर निभावशील तू." हे म्हणताना सुरुवातीला जीव तुटायचा. आणि नर्सचा फोन आला तरी जायचं नाही.

'घरी फोन करू नका' असं नर्सला आपण नुसतं सांगून भागत नाही. दवाखान्याला शाळेशी बोलायचं तर आधी आपली लेखी परवानगी लागते. दवाखान्याने फक्त उपस्थितीपुरती माहिती द्यावी, अशा फॉर्मवर मी सही केली. शाळेच्या ॲडजस्टमेंट कौन्सेलर, नर्स आणि थेरपिस्ट यांनी मिळून ठरवलं: नर्सकडे दहा मिनिटं, घड्याळ लावून, मग परत वर्गात, ताप किंवा खरी उलटी असेल तरच घरी फोन. पुढे हे ५०४ प्लॅनमध्ये, म्हणजे मुलाला शाळेत लागणाऱ्या सोयींच्या लेखी आराखड्यात, लिहून घेतलं. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलमावरून हे नाव पडलंय. शाळेला लेखी विनंती केली आणि कागदावर आणलं की शिक्षक बदलले तरी सोय राहते. तोंडी आश्वासन पुढच्या वर्षी कोणाला आठवत नाही.

जानेवारीत, नाताळच्या सुटीनंतर, गाडी पुन्हा घसरली. दोन आठवडे सलग सकाळी रडारड. तेव्हा डॉक्टरांनी औषधाचा विषय काढला आणि इथेच ती गोष्ट आली जी ओळखीतल्या फार थोड्या लोकांना माहीत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००४ पासून एमसी-पॅप नावाची व्यवस्था आहे. पिडिॲट्रिशियन एका नंबरवर फोन करतात आणि बालमानसोपचारतज्ज्ञ त्यांच्याशी थोड्याच वेळात बोलतात. मुलाचा इन्शुरन्स कोणता, हा प्रश्नच नाही, आणि पालकांना बिल नाही. तज्ज्ञ पिडिॲट्रिशियनला सल्ला देतात, औषध पिडिॲट्रिशियन देतात. तज्ज्ञांची प्रत्यक्ष वेळ मिळायला महिनोन्महिने लागतात, त्यावर काढलेला हा तोडगा. पुढे हे मॉडेल बऱ्याच राज्यांनी उचललं. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर तुमच्या पिडिॲट्रिशियनना नुसतं विचारा, की सायकॅट्री ॲक्सेस लाइन वापरता का.

सर्ट्रालिन हे डिप्रेशन आणि अँझायटीवरचं औषध सुचवलं, १२.५ मिलिग्रॅमपासून. मी रात्रभर वाचत बसले. अशा औषधांवर २००४ पासून अमेरिकेत काळ्या चौकटीतली सूचना छापतात, की लहान वयात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून सुरुवातीला नजर ठेवा. दुसऱ्या बाजूला २००८ चा कॅम्स हा अभ्यास, ७ ते १७ वयाची ४८८ मुलं: सीबीटी आणि सर्ट्रालिन दोन्ही दिलेल्यांत ८१ टक्के सुधारली, नुसत्या सीबीटीने ६०, नुसत्या औषधाने ५५, खोट्या गोळीने २४. नवऱ्याचं म्हणणं, नुसत्या सीबीटीवर थांबू. सासऱ्यांना फोन लावला. मला वाटलं होतं ते नको म्हणतील. ते म्हणाले, "पोरीला थायरॉइड असता तर एवढा विचार केला असतास का? फक्त ते लोक दर आठवड्याला तपासणार आहेत ना, ते विचार." तपासणार होते. पहिला महिना दर आठवड्याला नर्सचा फोन, झोप, चिडचिड, भूक, आणि तोच थेट प्रश्न. पहिल्या आठवड्यात लेक जरा सैरभैर झाली, मळमळलं (हे तर तिच्या दृष्टीने संकटच), मग बसलं. डोस २५ वर गेला. फरक पडायला मार्च उजाडला.

पैशांचं सांगायलाच हवं. फिजिकल फुकट असतं, पण त्याच भेटीत नवी तक्रार निघाली तर वेगळ्या 'ऑफिस व्हिजिट'चं बिल लागतं. ते बिल आलं तेव्हा मी चूक समजून भांडायला फोन केला होता, चूक नव्हती. दवाखान्यातल्या थेरपिस्टच्या भेटींना नेहमीचा को-पे (दर भेटीला आपण भरायची ठरलेली रक्कम) पडला. त्यांच्याकडे मर्यादित भेटी मिळतात, पुढे बाहेरचं कोणी शोधायचं असतं. इन्शुरन्सच्या यादीतले निम्मे नंबर बंद किंवा 'नवे पेशंट घेत नाही' म्हणणारे. म्हणून दुसऱ्याच भेटीत बाहेरच्या वेटलिस्टवर नाव घालून ठेवा. आमचा नंबर लागला तोवर आम्हाला महिन्यातून एकच भेट पुरेशी होती.

सध्या ती सातवीत आहे. कॅफेटेरियातली मधली टेबलं तिला अजून आवडत नाहीत, पण बसते. औषध चालू आहे. ते कधी बंद करायचं, हे डॉक्टरांना विचारलं, तर म्हणाल्या, वर्षभर चांगलं गेलं की हळूहळू कमी करू, मात्र शाळा सुरू व्हायच्या तोंडावर नको आणि भारतवारीतही नको. आमची तिकिटं जूनची आहेत, तेव्हा बहुतेक जुलैच्या शेवटी.