एक इंच एक सूत

आमच्या वर्कशॉपची सुरुवात एका मिलिंग मशीनने, म्हणजे फिरत्या कटरने धातू कापणाऱ्या यंत्राने झाली. १९८७ साली आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून ते उचललं. इंग्लंडची बनावट, हॉरिझॉन्टल, तेव्हाच तीस-पस्तीस वर्षांचं. कुपवाड एमआयडीसीत भाड्याचा गाळा घेतला होता. क्रेन परवडणारी नव्हती, म्हणून पाइपांवरून ढकलत ते आत नेलं. त्या दिवशी गाळ्याच्या दाराची चौकट तुटली, ती आजही तशीच आहे.

आधी साखर कारखान्यांची ऑफ-सीझनची कामं केली, मग पंपांचे पार्ट. आता मुख्य काम द्राक्षबागेत औषध फवारणाऱ्या ब्लोअरच्या शाफ्टचं. दोन लेथ आले, सरफेस ग्राइंडर आला, गाळा स्वतःचा झाला. पण शाफ्टवर की-वे (चावी बसवायची खाच) मारायचा तो त्याच मशीनवर.

२०२२च्या सप्टेंबरात, ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर, तासगावकडच्या ब्लोअरवाल्यांची घाई चालू असताना त्या मशीनची मोटर जळाली. विजेच्या तीन फेजांपैकी एक गेला होता. चालती मोटर दोन फेजवरही फिरत राहते, फक्त त्या दोघांवरचा करंट चढतो. मशीनवरच्या पोराला आवाज बदललेला कळला नाही. मला वार्निशचा वास आला तोवर उशीर झाला होता.

मोटर भरायला, म्हणजे आत नवी तार गुंडाळून घ्यायला टाकली. मिस्त्री म्हणाले, "मालक, चौथ्यांदा भरतोय. मागं कुणीतरी जाळून तार काढलीया, आतल्या पत्र्यांवरचं, स्टॅम्पिंगचं इन्सुलेशन गेलंय. भरून देतो, पण बिनलोडचीच तापंल." आणि तसंच झालं. कटर नुसता हवेत फिरत असताना अर्ध्या तासात मोटरला हात लावता येईना. चूक आमचीच. आण्णांच्या काळापासून दर वेळी 'भरून घेऊ' म्हणत आलो, आणि एकदा स्वस्तात भरून देणाऱ्याकडेही गेलो होतो.

मग शोध. दुकानात गेलं की पहिला प्रश्न, "किती एचपी?" पाच. "फाउंडेशनची की फ्लँजची?" फाउंडेशनची, म्हणजे पायांवर बसणारी. एवढ्यावर कुणीही मोटर काढून देतो. एकाने साडेसातची घ्या, ताकद मिळेल, असंही सुचवलं. तिचा सेंटर, म्हणजे पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, १३२ आणि शाफ्ट ३८ मिलिमीटर, ती आमच्या कोनाड्यात शिरलीच नसती. भंगारातून एक आणली, प्लेट घासलेली. 'मिनिटाला चौदाशे चाळीस फेऱ्यांचीच हाय' असं विकणाऱ्याने छातीठोक सांगितलं. लावायच्या आधी टॅकोमीटरने बघितली तर निघाली हजाराच्या आतली, चारऐवजी सहा पोलची; पोल जास्त तेवढा वेग कमी. मशीनचे सगळे स्पीड दोन-तृतीयांश झाले असते. परत घ्यायला तो तयार नव्हता.

शेवटी मी कागद घेऊन मशीनखाली झोपलो. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर. शाफ्ट एक इंच एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). बोल्टची भोकं साडेसात बाय साडेपाच इंच. आपल्याकडे मिळणारी पाच एचपीची, चार पोलची मोटर ११२ फ्रेमची असते. हा ११२ म्हणजेच सेंटरची उंची. तिची भोकं १९० बाय १४०, जवळपास तीच! उंचीत २.३ मिलिमीटरचा फरक, आणि शाफ्ट २८.

पट्टा असता तर उंचीकडे काणाडोळा केला असता. आमची मोटर कपलिंगने, म्हणजे दोन शाफ्ट जोडणाऱ्या दोन अर्ध्यांच्या जोडाने, थेट गिअरबॉक्सला जोडलेली आहे, तिथे माफी नाही. ग्राइंडरवर २.३च्या दोन पट्ट्या काढून पायांखाली घातल्या. कपलिंगच्या जुन्या अर्ध्याला २८.५७चा बोअर, नव्या शाफ्टवर अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई. फिटर म्हणाला, "पत्रा गुंडाळून ठोकू की." सरळ नाही म्हटलं. नवा अर्धा लेथवर काढला, आतला आठ मिलिमीटरचा की-वे शेजारच्या गाळ्यातल्या स्लॉटिंग मशीनवर मारून घेतला.

एवढं करून मोटर बसवायला गेलो तर टर्मिनलची पेटी मशीनच्या भिंतीला टेकली. मी डोक्याला हात लावला. मिस्त्रींनी मात्र दोन्ही कव्हरं खोलली, रोटर बाहेर ओढला, उलट बाजूने आत घातला, पंखा पलीकडे केला. पेटी आपसूक दुसऱ्या अंगाला आली. वीस मिनिटांचं काम. चहासुद्धा नंतर घेतला.

डायल (बारीक फरक दाखवणारं माप) लावून कपलिंग जुळवायला मात्र दुपार गेली. पहिल्यांदा सुरू केली तर उलटी फिरली, दोन वायरी बदलल्या. स्टार्टरला आता एक फेज गेला की मोटर बंद करणारा सिंगल फेज प्रिव्हेंटर आहे. तो पस्तीस वर्षांत का बसवला नाही, याला माझ्याकडे उत्तर नाही.

या सगळ्यात बारा दिवस गेले. की-वेचं काम बाहेर द्यावं लागलं, एक ब्लोअरवाला कायमचा तिकडेच गेला. सध्या टेबल सरकवणाऱ्या लीडस्क्रूचा नट झिजलाय, हँडल पाव फेरा मोकळं फिरतं. ब्राँझचं कास्टिंग मिरजेत सांगून ठेवलंय. आटे अर्थातच इंचातले.