एककानी डिफला दुसरा कान: झेड३च्या डिकीखाली घालवलेला हिवाळा

खट्ट. पहिल्यातून दुसऱ्यात टाकताना, क्लच सुटल्या सुटल्या, पाठीमागून एकदाच. दोन उन्हाळे हा आवाज ऐकतोय. आधी संशय प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून मागे जोर नेणाऱ्या लांब दांड्याच्या) रबर जॉइंटवर घेतला आणि तो बदलला. मग डिफचा, म्हणजे तो जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलचा, मागचा रबर बुश (ज्यावर ते टांगलेलं असतं ती रबरी गादी) बदलला. मग डिकीतली पान्यांची पेटी घरी ठेवून गाडी चालवून पाहिली. आवाज जागच्या जागी.

गाडी १९९८ची बीएमडब्ल्यू झेड३, २.८ लिटर, सहा सिलिंडर, पाच गिअर. मी राहतो स्टुटगार्टजवळ. गाडीला हंगामी नंबरप्लेट आहे, ०४ ते १०. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर रस्ता आपला. १ नोव्हेंबरला गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली तरी पावती. त्यामुळे जे काही मोठं काम असेल ते हिवाळ्यातच.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार

इथे तासावर लिफ्ट भाड्याने देणारी गॅरेजं असतात. पाने त्यांचे, हात आपले. गाडी वर घेतली आणि डिफच्या खाली लांब पहार लावून हलकेच उचललं. बुश नवाच होता, तो जेमतेम हलला. पण त्याच्या वरचा डिकीचा पत्रा हलला! पहार खाली, पत्रा खाली. पहार वर, पत्रा वर. डब्याचं झाकण दाबल्यावर होतो तसा बारीक टिक आवाज.

डिकी रिकामी केली, गालिचा काढला, बॅटरी काढली (सहा सिलिंडरच्या झेड३त ती मागेच असते). पत्र्यावर डांबरी थर चिकटवलेला असतो, तो हीट गनने मऊ करून पट्टीने खरवडला. या एका कामाला अडीच तास लागले आणि त्या वासाने दुसऱ्या दिवशीपर्यंत डोकं धरलं. थराखाली दिसायला हवं होतं तेच दिसलं. डिफ ज्याला टांगतात तो हँगर ज्या स्पॉट वेल्डांनी (ठिपक्या-ठिपक्यांच्या वेल्डिंगने) पत्र्याला धरलाय, त्यातल्या पाच टाक्यांभोवती रंगाला गोल चिरा. दोन टाके तर सरळ उसवलेले, खालून टॉर्च मारली की वर उजेड दिसत होता.

ज्यांच्याकडे झेड३ आहे त्यांना हे दुखणं माहीत असेल. नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. ई३६ पिढीच्या (नव्वदीतल्या ३ सिरीज बीएमडब्ल्यूच्या) सेडानला मागे चांगलं, अनेक दांड्यांचं मल्टिलिंक सस्पेन्शन होतं, ज्याची सुरुवात बीएमडब्ल्यूच्याच झेड१पासून झाली. पण त्याच पिढीची आखूड कॉम्पॅक्ट आणि झेड३ या दोघांना जागेच्या आणि पैशाच्या हिशोबाने आधीच्या पिढीचं, ई३०चं, साधं सेमी-ट्रेलिंग आर्म सस्पेन्शन मिळालं. त्यात डिफ पुढून सबफ्रेमला (सस्पेन्शन धरणाऱ्या चौकटीला) बोल्टने घट्ट, आणि मागून झाकणाला असलेल्या एकाच कानावर, म्हणजे बोल्टच्या भोकाच्या पुढे आलेल्या भागावर, लटकलेलं. तो कानही मध्यभागी नाही, एका बाजूला. ज्या क्रॉसमेंबरला (आडव्या पट्टीला) हँगरमधून तो कान लटकतो, तो डिकीच्या पातळ पत्र्याला फक्त स्पॉट वेल्डने जोडलेला. मोठ्या इंजिनाच्या एम रोडस्टर आणि एम कूपेलाही रचना हीच, त्यामुळे तिथे हे जास्त वेळा फाटतं.

जोर नेमका किती?

इंजिनाचा टॉर्क २८० न्यूटन-मीटर. पहिला गिअर ४.२, डिफ ३.१५. गुणाकार केला की चाकांशी ३७०० न्यूटन-मीटरच्या वर जातं. तेवढाच उलटा पीळ डिफच्या धडावर येतो: गाडी पुढे जाताना डिफचं नाक वर उठायला बघतं आणि शेपूट खाली. पुढचे बोल्ट आणि मागचा कान यांत अंदाजे ३० सेंटिमीटर अंतर धरलं, तर कानाला खाली ओढणारा जोर सव्वा टनाच्या घरात.

पण हा आकडा कागदावरचा. गाडी तेराशे किलोच्या आसपास, निम्मं वजन मागे, जोर लावल्यावर आणखी थोडं मागे येतं. कोरड्या रस्त्यावर साधारण २१०० न्यूटन-मीटरला टायरच सुटतील. म्हणजे सलग जोर सातशे किलो. तोही काही कमी नाही, पण पत्रा तेवढ्याने फाटत नाही. फाटतो तो क्लच झटक्यात सोडल्यावर येणाऱ्या धक्क्याने, आणि वर-खाली, वर-खाली होण्याने. अॅक्सिलरेटर दिला की शेपूट खाली, सोडला की वर. पंचवीस वर्षं. एखादी तार हाताने तोडायची असेल तर आपण ओढत नाही, वाकवत बसतो. डिफ तेच करत होतं.

दुसरा पीळ प्रॉपेलर शाफ्टचा, गाडीच्या लांबीच्या आसाभोवती. तो ११७६ न्यूटन-मीटर. कान मधोमध नसल्यामुळे हा पीळही त्याच एका हँगरच्या वाट्याला येतो. दुसऱ्या बाजूला दुसरा कान दिला तर हा पीळ दोघांत वाटला जातो. दोनकानी झाकणाचा खरा फायदा हा आहे, नुसती ‘मजबुती’ नाही.

(माझ्या एका मित्राकडे एमएक्स-५ आहे. तिथे माझदाने गिअरबॉक्सच्या शेपटीपासून डिफपर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब तुळईच घातलीय, त्यामुळे नाक वर उठायचा जोर बॉडीवर न येता गिअरबॉक्स झेलतो. तो हे दर भेटीत सांगतो.)

बोल्टचं की वेल्डिंगचं?

बाजारात दोन प्रकार आहेत. एक, डिकीत आडवा बसणारा ब्रेस (टेकूची दांडी), नुसता बोल्टने. एका दुपारचं काम. दुसरा पूर्ण संच: दोन कानांचं अॅल्युमिनियमचं झाकण, दुसरा हँगर, पत्र्यावर वेल्ड करायच्या ३ मिलिमीटरच्या जोडपट्ट्या आणि वर तोच आडवा ब्रेस, दोन्ही बाजूंच्या चेसिस रेलना (गाडीच्या लांबीच्या जाड तुळयांना) बांधणारा.

पहिल्याचा मोह मला झाला होता, खोटं कशाला बोलू. पण उसवलेल्या पत्र्यावर ब्रेस बसवला तर होतं काय? जोर नाहीसा होत नाही, तो पुढच्या टाक्यावर सरकतो. शिवाय ब्रेसमुळे आवाज बंद होईल आणि आपण समजू की दुखणं बरं झालं. चांगल्या, न फाटलेल्या गाडीवर बोल्टचा ब्रेस लावायला माझी हरकत नाही. माझ्या गाडीला आधी टाके, मग टेकू.

इथे एक जर्मन भानगड आहे. गाडीच्या बांधणीत काही बदललं की दर दोन वर्षांच्या तपासणीला तो विषय निघतो, आणि कागदपत्र नसलेल्या भागाची वेगळी मंजुरी घ्यावी लागते. म्हणून काम सुरू करण्याआधीच तपासणी केंद्रातल्या इंजिनिअरला फोटो दाखवून आलो. त्याने दोन गोष्टी सांगितल्या: वेल्डिंग पात्र माणसाकडून करून घ्या, आणि रंग मारायच्या आधी प्रत्येक वेल्डचा फोटो काढा. दहा मिनिटांचं काम होतं, पुढचे दोन महिने शांत झोप लागली.

नोव्हेंबर

गाडी ट्रेलरवर टाकून मित्राच्या शेडमध्ये नेली. डिफ उतरवण्याचा क्रम असा झाला: मागचा सायलेन्सर, उष्णतेचा पत्रा, प्रॉपेलर शाफ्टचा फ्लँज, म्हणजे बोल्टने जुळणारं टोक (जुळणीच्या खुणा पांढऱ्या रंगाने आधीच करून), चाकांकडे जाणाऱ्या दोन्ही हाफ शाफ्टचे सहा-सहा बोल्ट, वेगाच्या सेन्सरचा प्लग, मागचा लांब बोल्ट, आणि खाली जॅक लावून शेवटी पुढचे चार. हाफ शाफ्टच्या बोल्टांची डोकी वायर ब्रशने आतपर्यंत साफ करा, सॉकेट हातोडीने ठोकून बसवा, मगच जोर लावा. एक डोकं मी घाईत गोल केलं. त्यावर लहान मापाचं सॉकेट ठोकून तो सुटला, पण तासभर गेला.

तेल सोडताना मामाची आठवण झाली. मामाचं अख्खं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर गेलं. व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली तर गाडीचं कौतुक राहिलं बाजूला, पहिला प्रश्न: “भरायचं बूच सुटतंय का बघितलंस का? ते सुटल्याबिगर खालचं सोडू नको लेका, न्हाईतर बसशील रिकामं डिफ मांडीवर घिऊन.” १४ मिलिमीटरची षटकोनी किल्ली लावली. बूच हललं नाही. दोन दिवस गंजतेल मारून, गरम करून, चौथ्या प्रयत्नाला सुटलं. खालचं आधी सोडलं असतं तर तेल ओतायला जागाच नव्हती.

झाकण बदलणं सोपं. जुनं सील खरवडा, कडा पुसा, नवं सील लावा, बोल्ट आडवे-तिडवे आवळा. वेगाचा सेन्सर झाकणातच बसतो, तेव्हा नवं झाकण मागवताना त्यात त्याचं भोक आहे ना हे विचारून घ्या.

डिसेंबर: पाच मिलिमीटर

आता फजिती. नवं झाकण लावून डिफ जॅकवर चढवलं, जुना कान जुन्या हँगरमध्ये बसवला, आणि दुसरा हँगर पत्र्याला लावून बघितला. दुसऱ्या कानाचं भोक पाच मिलिमीटर चुकलं. संचात चूक आहे असं समजून विक्रेत्याला बऱ्यापैकी तिखट मेल लिहून तयार केला. नशीब, पाठवला नाही. रात्री डिकीत सरळ पट्टी आडवी ठेवून बघितलं तर दिसलं, जुन्या हँगरच्या बाजूचा पत्राच वर्षानुवर्षं ओढला जाऊन खाली बसला होता. संच बरोबर होता, माझी डिकी वाकडी होती. तशीच वेल्ड केली असती तर तो वाकडेपणा कायमचा झाला असता.

मग डिफ पुन्हा खाली. हँगरच्या खाली लाकडी ठोकळा, त्याखाली बाटली जॅक, आणि पट्टीवर नजर ठेवून अर्धा-अर्धा मिलिमीटर वर. सोडलं की पत्रा थोडा परत येतो, म्हणून सरळ रेषेच्या जरा वर नेऊन सोडायचा. दोन संध्याकाळी यातच गेल्या. रविवारी ठोकाठोकी करायची सोय नाही, शेजारी लगेच खिडकीत येतात.

वेल्डिंगला गावातला एक वयस्कर वेल्डर मिळाला. तो बोलत नाही, मान हलवतो. त्याने माझी तयारी बघितली, मान हलवली (नकारार्थी), आणि जोडपट्टीखालचा उरलेला गंज-रंग मला पुन्हा घासायला लावला. पेट्रोलच्या टाकीच्या बाजूला ओलं फायरप्रूफ कापड, एक माणूस फक्त आग विझवायची बाटली घेऊन उभा, तो मी. सलग शिवण न घालता थोडं इथे, थोडं तिथे, मध्ये थांबून, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. उसवलेले टाके भोक पाडून भरले, वर पट्ट्या, खाली दुसरा हँगर. डिफ जागेवर टांगून, बोल्ट हाताने सरकतोय हे बघूनच हँगर पक्का केला.

फोटो काढले. मग एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, खालून दगडांपासून वाचवणारा थर, आणि पोकळीत मेण. जानेवारी इतकाच.

बुश: रबर की पॉलियुरेथेन

रबरापेक्षा कडक असलेलं पॉलियुरेथेन घ्या असं सगळे सांगतात. मी दोन्ही कानांना रबरच घातला. कारण साधं: हालचाल आता दोन बुशांत वाटली गेलीय, ती आणखी दाबण्यासाठी डिकीभर डिफची कुईकुई ऐकायची माझी तयारी नाही. ट्रॅकची गाडी असती तर वेगळं. आणि बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळा, लटकत्या डिफवर नाही, नाहीतर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेला राहतो.

आडवा ब्रेस सर्वांत शेवटी, वीस मिनिटांत. ज्याच्यासाठी सुरुवात केली त्या भागाला सगळ्यांत कमी वेळ. बॅटरीची पेटी परत बसवताना त्याच्या एका टोकाला ती घासत होती, कानशीने दोन मिलिमीटर काढले.

एप्रिल

पहिल्या रविवारी श्वेबिशे आल्ब या जवळच्या डोंगररांगेच्या चढांवर नेली. पहिला, दुसरा. काही नाही. मुद्दाम उद्धटपणे क्लच सोडला, तरी काही नाही. मागची बाजू अंगाला बांधल्यासारखी वाटते; वळणातून बाहेर पडताना अॅक्सिलरेटर दिला की आधी एक क्षण ‘थांब, बघतो’ असं व्हायचं, ते गेलं. बायको म्हणाली, आधीसारखीच आहे. तिला खट्टही कधी ऐकू आला नव्हता.

फक्त ८० ते ९०च्या दरम्यान, पाय काढल्यावर, एक हलकी थरथर नव्याने जाणवतेय. आधीही असणार, खट्टच्या मागे लपलेली. मागचा फ्लँज खुणांप्रमाणेच जोडलाय. म्हणून काल गाडी लिफ्टवर घेऊन पुढच्या टोकाला, गिअरबॉक्सपाशी गेलो, जिथे हिवाळाभर हात लावला नव्हता. दोन उन्हाळ्यांपूर्वी मी स्वतः बदललेला रबर जॉइंट. त्याच्या कडेला बाण असतात, ते फ्लँजच्या पंजाकडे रोखलेले हवेत. माझे सगळे बोल्टाच्या डोक्याकडे बघतायत.

नवा मागवलाय, शुक्रवारी येईल.