नखाएवढी वेदी

इराणमधल्या इस्फहान आणि शिराझवर नेटवर ढिगाने लिहिलेलं आहे, त्यात माझी भर नको. यझ्दच्या एका छोट्या नाणे-संग्रहालयात मात्र मी अडीच तास काढले. बाहेर नवऱ्याचा कबाब थंड झाला आणि तोही तापला.

तक्रार आधी. नाणी आडव्या काचेखाली, दिवा बरोब्बर वर. वाकलं की आपलंच डोकं दिसतं आणि डोक्यावरचा रुमाल डोळ्यांवर येतो. पाट्या फारसीत. माझी कसरत बघून तिथल्या आजोबांनी अवाक्षर न काढता खिशातून भिंग काढून दिलं.

भिंगाखाली इराणच्या सासानी घराण्यातला राजा दुसरा खुस्रो आला (इ.स. 590-628). चांदीचं नाणं, जेमतेम चार ग्रॅमचं, पापडासारखं पातळ. मुकुटाला दोन पंख. विजयदेव वेरेथ्रघ्नाचे, म्हणजे आपल्या पारशांच्या ‘आतश बेहराम’ या अग्निमंदिराच्या नावातल्या बेहरामाचेच. नाण्याच्या मागच्या बाजूला नखात मावेल एवढी अग्निवेदी, दोन बाजूंना दोन सेवक, ज्वाळेच्या एका अंगाला तारा, दुसऱ्या अंगाला चंद्रकोर. सासानी राजे ओळखायचे ते मुकुटावरून. दाढ्यांवरून ओळखायला गेलात तर फसाल.

शेजारचं नाणं चुकून तिथे ठेवलंय असंच वाटलं. तसाच राजा, तीच वेदी, तेच सेवक. कडेला मात्र बारीक अरबी अक्षरं: बिस्मिल्लाह! सासानी राज्य 651 मध्ये बुडालं, तरी अरब सुभेदार सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत अग्निवेदीचीच नाणी पाडत राहिले. बाजाराला ओळखीचं नाणं लागतं, धर्म कोणताही असो. मी ते तीनदा पाहिलं. आजोबा हसले.

आपल्याकडची गधैया नाणी याच घराण्यातली. हूणांनी सासानी नाण्यांची नक्कल केली, पुढे नकलेची नक्कल होत होत राजाच्या रेघा उरल्या आणि वेदीचे ठिपके. आमच्या घरी असं एक होतं. आम्ही सापशिडीत सोंगटी म्हणून वापरायचो.

संध्याकाळी यझ्दच्या आतश बेहराममध्ये काचेपलीकडचा अग्नी पाहिला, सेल्फीवाल्यांच्या कोपरांमधून. इ.स. 470 पासून तेवतोय म्हणतात. मन मात्र सापशिडीच्या डब्यात.

रात्री हॉटेलच्या रडक्या वायफायवरून भावाला मेसेज केला. त्याने फोटो पाठवला, धूसर, रेघांचा.

“उलटं करून पाठव,” मी लिहिलं.