रिकामा कप

मालिकेतली सून सासऱ्यांना चहा आणून देते. सासरे पेपरातून डोकं न काढता कप उचलतात, ओठांना लावतात, "वा!" म्हणतात. आणि इकडे इंदूरला, लोकमान्य नगरातल्या आमच्या हॉलमध्ये आत्या जाहीर करते, "रिकामा आहे."

"काय?"

"कप. भरलेला कप कुणी असा उचलतं का? मनगट बघ त्याचं."

मी बघितलं. गरम चहाचा कप उचलताना माणूस आधी कपाच्या कानात बोट नीट बसवतो, कप बशीतून जरा दबकतच सुटतो आणि शेवटच्या दोन इंचांत तर तोंडच कपाकडे जातं. या सासऱ्यांनी मात्र पत्त्यांच्या डावात हुकमाचं पान उचलावं तसा कप उचलला होता. त्या दिवसापासून माझं मालिका बघणं संपलं. कुणी कुणाच्या इस्टेटीवर डोळा ठेवलाय, कुणाची स्मृती गेलीय, काही कळत नाही. फक्त कप दिसतात.

आत्या ८१ वर्षांची आहे. सगळी नोकरी मुलींच्या शाळेत शिवण आणि स्वयंपाक शिकवण्यात गेली, त्यामुळे माणसाच्या तोंडाआधी तिची नजर हातांकडे जाते. नायिकेच्या डोळ्यांना धार लागलेली असते, मागे व्हायोलिनं ऊर बडवत असतात आणि आत्या म्हणते, "पोळपाटावर पीठ बघ किती. ही पोळी तव्यावर पडली की घरभर धूर." एका घरात सोमवारी चिरायला घेतलेली भेंडी गुरुवारपर्यंत चिरून झाली नव्हती, कारण मधे जावाजावांचं भांडण लागलं होतं. आत्याला भांडणाचं काही नाही. "बुळबुळीत झाली असेल एव्हाना," असं ती तीन दिवस म्हणत होती. सानंद या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकाला मी तिला घेऊन गेलो, तेव्हा मालिकेतलेच एक नट प्रत्यक्ष रंगमंचावर आले आणि त्यांनी कप उचलला. सगळा हॉल हसत असताना आत्या माझ्या कानाशी आली, "ह्याच्यात निदान पाणी तरी आहे."

आमची मंडळी होळकरांच्या चाकरीत इकडे आली ती आलीच. आत्याचा जन्म इंदूरचा, शाळा-कॉलेज इंदूरचं, आणि महाराष्ट्रात ती सलग पंधरा दिवसांच्या वर कधी राहिलेली नाही. तिचा महाराष्ट्र रात्री आठ ते दहा दिसतो तेवढाच. त्यात पुण्यातल्या घरात पोहे होतात, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, लिंबाची फोड. ती थोडा वेळ बघते आणि मग खऱ्या काळजीनं विचारते, "ह्यांच्याकडे सेव संपली का?" पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्याचा, जिरावणाचा, तर विषयच नको. बडीशेप न घातलेले पोहे आत्याच्या हिशेबी आजाऱ्याचं खाणं आहे.

हा महाराष्ट्र आम्हाला सहजासहजी मिळालेला नाही. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पण त्याचं प्रक्षेपण आमच्यापर्यंत कुठलं पोचायला! आमच्याकडे टीव्ही आला तो दिल्लीचा. मे महिन्यात दादरची आतेभावंडं यायची आणि गच्चीवर गाद्या घालून मुंबईचे कार्यक्रम आम्हाला तोंडी सांगायची. चिमणराव-गुंड्याभाऊ मी पहिल्यांदा असेच बघितले, म्हणजे ऐकले. पुढे रविवारी दुपारी राष्ट्रीय प्रक्षेपणावर प्रादेशिक चित्रपट लागू लागले. आज तमिळ, पुढच्या रविवारी बंगाली, मग उडिया. मराठीची पाळी येईपर्यंत आम्ही सगळ्या देशाची दुःखं खालच्या इंग्रजी अक्षरांतून वाचून काढलेली असायची. मराठी चित्रपट लागला की आत्या हट्टानं ती अक्षरं झाकायची. पडद्याच्या खालच्या बाजूला टॉवेल.

१९९९ मध्ये अल्फा मराठी (आताचं झी मराठी) सुरू झाल्याची बातमी पुण्याच्या पत्रातून आली. आत्या आमच्या केबलवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "कितने घर हैं, आंटी? दो-चार के लिए कौन डालेगा?" आत्या घरी आली, माझ्या शाळकरी वहीचे कोरे कागद काढले आणि दोन संध्याकाळी कॉलनीत फिरून ६४ सह्या जमवल्या. त्यात सात-आठ सह्या शुद्ध हिंदी भाषक घरांच्या होत्या. दिवाळीचा फराळ वर्षानुवर्षं वाटल्याची ती वसुली होती, असं बाबांचं मत. केबलवाला कागद बघून म्हणाला, "आप तो चुनाव लड़ लो." पण त्यानं चॅनल दिलं. 'आभाळमाया' आमच्या घरात अशी सह्या गोळा करून आली.

एवढं करून शेवटी आत्या हिशेबात नाहीच. हे मला अलीकडे कळलं. टीआरपी मोजतात तो सगळ्या देशातल्या मूठभर निवडक घरांवरून. वाहिनीच्या आवाजात माणसाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, ती त्या घरातलं मीटर टिपतं, आणि घरातल्या प्रत्येकानं टीव्हीसमोर बसताना आपापलं बटण दाबायचं असतं. आता मराठी मालिकांची जी क्रमवारी दर आठवड्याला गाजते, ती महाराष्ट्र आणि गोव्याची. इंदूर त्यात धरत नाहीत. म्हणजे 'चार दिवस सासूचे'चे तीन हजारांवर भाग झाले आणि त्यातले बहुतेक आत्यानं बघितले, पण त्या मालिकेच्या दृष्टीनं तेव्हा आमच्या हॉलमध्ये कुणी बसलेलंच नव्हतं.

मी हे तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आपण फुकट बघतो?"

"नाही, पैसे देऊन. उलट जास्त देऊन." २०१९ च्या फेब्रुवारीपासून आपापली चॅनलं आपण निवडायची असा नियम आला. आमच्या मध्य प्रदेशाच्या पॅकमध्ये मराठी नाही, ते वरून वेगळं घ्यावं लागतं.

"मग मोजत का नाहीत?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला वाटलं तिला वाईट वाटेल, पण तिच्या चेहऱ्यावर जरा खुशीच दिसली. परीक्षक म्हणून गेलेल्या बाईंना तुम्हाला पेपर तपासायचे नाहीत, नुसतं बसा, असं सांगितल्यासारखी.

भाषेचीही एक गंमत झाली. आमचं इंदुरी मराठी म्हणजे कपाटाला अलमारी आणि किल्लीला चाबी. दादरची भावंडं या एका चाबीवर तीन-तीन दिवस हसायची. मालिका सुरू झाल्यावर आत्यानं स्वतःला सुधारायला घेतलं आणि आम्हालाही. बाबांनी "चाबी कुठे आहे?" विचारलं की ती "किल्ली" म्हटल्याशिवाय देत नसे. आणि मग, कधी ते नक्की सांगता येणार नाही, मालिकेतली माणसं एकमेकांना "माझी मदत कर" म्हणायला लागली. आत्या ताडकन सरळ बसली. "अरे! हे आपल्यासारखं बोलायला लागले!" आयुष्यभर हसून घेतल्याचा सूड मुंबईच्या लेखकांनी आपणहून उगवून दिला होता. तिनं त्याच रात्री दादरला फोन लावला.

बाबांचं सगळं वेगळं. ते क्रिकेट बघतात, पण निकाल माहीत असलेलं. रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्यापासून थेट सामना नको, असं त्यांनी स्वतःच ठरवलंय. जुन्या सामन्यात भारत हरणार असेल तर ते आधीच चॅनल बदलतात आणि जिंकणार असेल तर चिवडा घेऊन बसतात. मला यात काही मजा वाटत नाही, पण त्यांचं म्हणणं, रामाची गोष्ट तरी कुठे नवीन असते. २०२० च्या टाळेबंदीत 'रामायण' पुन्हा लागलं तेव्हा सगळा देश माहीत असलेल्या निकालाचा सामनाच बघत होता, हेही खरं.

थेट सामना सोडण्याआधीची त्यांची एक आठवण आहे, ती आमच्याकडे दर पाहुण्याला ऐकावी लागते. ८ डिसेंबर २०११. होळकर स्टेडियमवर वेस्ट इंडीजशी सामना. तिकिटं मिळाली नाहीत म्हणून बाबा आणि मी स्टेडियमच्या मागच्या गल्लीत, एका स्नेह्यांच्या घरी टीव्हीसमोर बसलो होतो. सेहवाग मारत सुटलेला. आणि दर वेळी व्हायचं असं, की खिडकीतून आधी गर्जना यायची आणि टीव्हीवर गोलंदाज अजून धावतच असायचा. चेंडू मैदानावरून निघून ३६,००० किलोमीटर वर उपग्रहाकडे जाणार, तेवढाच खाली येणार, मधे यंत्रांतून बांधला-सोडला जाणार आणि मग पलीकडच्या गल्लीतल्या आम्हाला दिसणार. आवाज आपला भिंतीवरून उडी मारून आला. पहिले काही चौकार आम्ही वैतागलो. मग बाबांना त्यात गोडी लागली. गर्जना मोठी असली की ते खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "सहा." आणि टीव्हीवर षटकार. भविष्यवेत्त्यासारखे बसले होते. दोनशे झाल्याचंही त्यांना टीव्हीच्या आधी खिडकीनं सांगितलं. सचिनचं पहिलं द्विशतक ग्वाल्हेरला झालं होतं, २०१० मध्ये, आणि हे दुसरं इंदूरला, २१९. पुरुषांच्या एकदिवसीय क्रिकेटमधली पहिली दोन्ही द्विशतकं आपल्या मध्य प्रदेशात झाली, यात स्वतःचाही थोडा हात असल्यासारखं ते सांगतात. मला वाटतं, निकाल आधी माहीत असण्याचं सुख त्यांना त्या दिवशी कळलं.

बायको साताऱ्याची. तिला मालिका नको, क्रिकेट नको. जुलै उजाडला की ती मराठी बातम्या लावते आणि आवाज बंद करते. निवेदक हातवारे करून काय सांगतोय याच्याशी तिला कर्तव्य नाही. तिची नजर खालच्या पट्टीवर. कोल्हापूर, सांगली, पुणे सरकत जातात, मग सातारा येतं, महाबळेश्वरचा पाऊस येतो, कोयनेचा साठा येतो. १०५ टीएमसीच्या त्या धरणात आज किती भरलं ते ती स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, लिहून ठेवते. एकदा दुधाचा आणि धरणाचा आकडा माझ्याकडून उलटा वाचला गेला आणि दूधवाल्याशी विनाकारण वाजलं. दरवाजे उघडल्याची पट्टी आली की ती भावाला फोन करते, "दादा, सोडलं का रे पाणी?" दादाला पुष्कळदा माहीत नसतं. तो साताऱ्यात राहतो ना, त्याला कशाला माहीत असणार!

मी स्वतः रात्री अकरानंतर साप पकडणारे लोक बघतो. यावर अधिक बोलण्यासारखं काही नाही.

आमच्याकडे भांडी-फरशीला येणारी ताई मात्र खरी दर्दी. दुपारी पुनःप्रक्षेपण चालू असतं तेव्हा ती हॉलमध्ये पोछा लावते, फार तर दहा मिनिटं. मराठी तिला येत नाही. बादली, पोछा, एक नजर, पुन्हा पोछा, एवढ्यावर तिला सगळं कळतं. मधे एका नायिकेचा अपघात झाला, इस्पितळात यंत्रावरची रेघ सपाट झाली, आत्याही जरा हलली. ताई फडकं पिळता पिळता म्हणाली, "माँजी, ये नहीं मरेगी. इसका मंगलसूत्र अभी नया आया है." नायिका जगली. आत्यानं तेव्हापासून तिला आपल्या तोडीचं मानलंय. दोघी एकमेकींशी पडद्यावरच्या माणसांबद्दल बोलतात ते ऐकलं तर वाटतं, कॉलनीतल्याच कुणाबद्दल चाललंय. आणि कधीकधी तसं असतंही.

उरली मुलगी. कॉलेजात आहे, हॉलमध्ये येत नाही. कानात बोंडं, हातात मोबाइल, त्यावर कोरियन मालिका. गेल्या शनिवारी लाइट गेली. इन्व्हर्टरवर टीव्ही चालत नाही, म्हणून आत्या काठी टेकत तिच्या खोलीत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. मुलीनं एक बोंड काढून तिच्या कानात घातलं. भाषा कळायचा प्रश्न नव्हता, खालची इंग्रजी अक्षरं चष्म्यातून दिसायचाही नव्हता. दोघी अर्धा तास त्या वीतभर पडद्यात डोकं घालून बसल्या. मी दारातून बघत होतो. पडद्यावर एक आजी नातवासमोर भांडं ठेवत होती. वाफ येत होती, नातवानं ते दोन्ही हातांनी धरलं, चटका बसून बोटं उचलली, पुन्हा धरलं.

"भरलेलं आहे," आत्या म्हणाली.

मग थोड्या वेळानं विचारलं, "किती भाग आहेत ग ह्याचे?"

"सोळा."

"सोळाच?" आत्या हबकली. "मग ह्यांची दिवाळी कधी यायची?"