तुम्ही विचारलंत म्हणून: तारकागुच्छ बघून कळतं काय?

दुर्बिणीतून शौरी तारकासमूहातला एम १३ हा तारकागुच्छ दाखवला की लोक आधी हरखतात आणि मग हमखास विचारतात, "सुंदर आहे हो, पण याच्याकडे बघून कळतं काय?" प्रश्न अगदी रास्त आहे. माझं उत्तर असं, की आपली आकाशगंगा एकटी वाढलेली नाही. तिने आसपासच्या लहान दीर्घिका (म्हणजे तिच्यासारख्याच, पण छोट्या, ताऱ्यांच्या वसाहती) गिळल्या, आणि हे आपल्याला सांगतात ते गोलाकार तारकागुच्छ.

असे दीडशेहून जास्त गुच्छ आकाशगंगेभोवती फिरताहेत. एकेकात लाखो तारे, बहुतेकांचं वय ११ ते १३ अब्ज वर्षं. गुरुत्वाकर्षणाने ते इतके घट्ट बांधलेले असतात, की मूळ दीर्घिका विस्कटून गेली तरी गुच्छ शाबूत राहू शकतो.

मग हा गुच्छ इथला आणि तो परका, हे ओळखायचं कसं? मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. गुच्छातले तारे साधारण एकाच काळात जन्मतात आणि जड तारे आधी विझतात. त्यामुळे अजून किती जड तारे तग धरून आहेत हे पाहिलं की वय काढता येतं. दुसरी खूण धातूंची. (खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून सगळेच धातू!) हे धातू ताऱ्यांच्या पोटात घडतात आणि तारे फुटले की वायूत मिसळतात. मोठ्या दीर्घिकेत हे भराभर होतं, शिवाय तो वायू धरून ठेवायची ताकदही तिच्यात असते. लहान दीर्घिकेत धातू सावकाश साठतात. म्हणजे दोन गुच्छ एकाच वयाचे, पण एकात धातू भरपूर आणि दुसऱ्यात जेमतेम असतील, तर ते एका घरचे नव्हेत. सगळ्या गुच्छांचं वय आणि धातूंचं प्रमाण एका आलेखावर मांडलं, की खरोखरच दोन फांद्या दिसतात. एक घरच्यांची, दुसरी बाहेरून आलेल्यांची.

१९६२ साली मांडलेलं चित्र वेगळं होतं: एकच प्रचंड ढग झपाट्याने आकसला आणि आकाशगंगा तयार झाली. तसं असतं तर बाहेर जावं तसतसे धातू कमी होत जायला हवे होते. लिओनार्ड सर्ल आणि रॉबर्ट झिन या खगोलशास्त्रज्ञांना बाहेरच्या गुच्छांत तसा उतार सापडलाच नाही. आकाशगंगेचा बाह्य भाग लहान लहान तुकड्यांतून जमला असावा, असं त्यांनी १९७८ मध्ये मांडलं. हाताशी मोजके गुच्छ असताना इतक्या दूरचा अंदाज बांधणं मला आजही थक्क करतं.

पुढे गाया या अवकाशदुर्बिणीने ताऱ्यांच्या गती मोजल्या आणि २०१८ मध्ये सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी गिळलेल्या एका दीर्घिकेचे अवशेष ओळखता आले. तिला गाया-एन्सेलाडस म्हणतात. तिच्याबरोबर बरेच गुच्छ आले आणि एम १३ त्यांतलाच असावा, असं काही संशोधक मानतात.

हे गिळणं अजून थांबलेलं नाही. शार्ल मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञांनी १७७८ मध्ये धनू राशीत एम ५४ हा गुच्छ पाहिला आणि पुढची दोनशेहून जास्त वर्षं तो आपलाच समजला गेला. १९९४ मध्ये त्याच दिशेला एक खुजी दीर्घिका सापडली, आणि एम ५४ नेमका तिच्या गाभ्यात निघाला! आकाशगंगा आज तिच्या चिंध्या करते आहे. तिचे तारे लांबच लांब पट्ट्यांत आपल्याभोवती पसरलेत, आणि तेर्झान ७, तेर्झान ८ व आर्प २ हे तिचे गुच्छ आता आपल्या यादीत मोजले जातात.